कारकुनाची जुनी साइट

परतूरच्या बाजारात कापसाचे भाव वेबसाइटवर टाकणारा एक कारकून आहे. एका बोटाने टाइप करतो, प्रत्येक आकड्याआधी चष्मा पुसतो. जुनी साइट त्यानेच बनवलेली: पांढरं पान, काळे आकडे, बस्स. मी पुण्याहून शिकून आलेला शहाणा. हलत्या आलेखांची नवी साइट बनवली आणि जुनी बंद करायला सांगितलं.

"बराबर हाय, सायेब," एवढंच तो म्हणाला.

परवा काकांच्या शेतात माझीच साइट उघडली. काका कापसाचा टेम्पो भरून आजचा भाव कळायची वाट बघत थांबलेले, रेंज एक काडी, चकरी फिरतेच आहे. शेवटी लाजत कारकुनाला फोन केला.

"मंग जुनी उघडा ना. रोज दोन्ही भरून राह्यलो मी."

"बंद केली न्हाई?"

"गावाकडच्या लोकायसाठी ठेवली, सायेब. तुमी बी त्यातलेच की."