मी तिला झोपवलं होतं

माझी आई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती. मी रावपुऱ्यात तिच्याकडे गेले की ती पदर सावरून बसायची आणि विचारायची, "आपण कुठल्या?" मी सांगायचे, ती मान डोलवायची, आणि चहा होईपर्यंत पुन्हा तेच विचारायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून चष्मा सापडला नाही, एखादा शब्द ओठांवर येऊन अडला, तरी मला तिचा तो प्रश्न आठवतो. पण मागच्या हिवाळ्यातल्या त्या मंगळवारी झालं ते वेगळंच होतं. त्या दिवशी मी काही विसरले नव्हते. मला सगळं लख्ख आठवत होतं.

आम्ही हरणीला राहतो, चौथ्या मजल्यावर. मुलगा मकरपुऱ्यात एका कारखान्यात आहे, सून बँकेत. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता घरी असते. पाच वर्षांच्या नातीला दुपारी सांभाळणं हे माझं काम. तिच्या शाळेची व्हॅन साडेबाराला सोसायटीच्या गेटपाशी येते. मी खाली जाते, तिला वर आणते, जेवू घालते आणि झोपवते.

त्या दिवशी जेवण आटोपून मी सोफ्यावर आडवी झाले होते. सव्वा वाजता उठले आणि पोरगी पांघरूण फेकून झोपली असेल म्हणून आतल्या खोलीत डोकावले. पलंग रिकामा होता. चादरीला एक सुरकुती नव्हती.

आधी वाटलं, बाथरूममध्ये असेल. तिथे नव्हती. हाक मारली. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, पडद्यामागे पाहिलं. मग लक्षात आलं की गॅलरीचं दार उघडं आहे.

त्या दाराकडे जायला मला फार वेळ लागला. चार पावलांचं अंतर असेल. कठड्याला धरून खाली पाहिलं. खाली स्कूटरी उभ्या होत्या, कुणाची तरी चादर वाळत होती. बाकी काही नव्हतं.

मी तिला थोड्या वेळापूर्वीच झोपवलं होतं. तिच्या मनगटावर हिरव्या स्केचपेनाचं फूल काढलेलं होतं, ते मी खोबरेल तेलाने पुसलं होतं. "आजी, गुदगुल्या होतात," असं ती म्हणाली होती. वरणभात खाल्ला होता, शेवटचा घास नको म्हणून तोंड फिरवलं होतं. हे सगळं मला कालपरवाचं नाही, आत्ताचं म्हणून आठवत होतं. त्या तेलाचा वास हाताला येतोय असंसुद्धा वाटत होतं.

दाराशी तिचे बूट नव्हते. म्हणजे बूट घालून ती स्वतःच बाहेर गेली, असा अर्थ मी लावला. चप्पल न घालताच जिन्याने उतरले. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

गेटवर वॉचमन खुर्चीत बसला होता. मी विचारलं, "आमची बेबी बाहेर जाताना पाहिली का?"

तो उभा राहिला आणि गुजरातीत म्हणाला, "बेन, बेबी तो हजी आवी ज नथी."

"आली आहे. मीच घेतली साडेबाराला. तुम्ही इथेच होतात. तिची पाण्याची बाटली पडली, ती तुम्ही उचलून दिलीत."

तो अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "ए तो गईकाले, बेन. आजे गाडी ज नथी आवी."

काल. बाटली काल पडली होती. मग फूल? मग वरणभात? मी गेटच्या खांबाला धरलं. आत्तापर्यंत मुलगी हरवल्याची भीती होती. आता तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली आणि दोन्हींपैकी कुठली मोठी ते मला कळेना. मुलगी घरी आलीच नसेल तर पाऊण तास ती आहे कुठे? आणि ती आलीच नसताना मी तिला जेवू कशी घातली?

व्हॅनवाल्याला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेच. सुनेचा नंबर काढला, एक रिंग गेल्यावर मीच कापला. तिला काय सांगणार होते? तुझी मुलगी सापडत नाही, आणि ती घरी आली होती की नाही तेही मला सांगता येत नाही?

सुनेचाच फोन उलट आला. "आई, फोन केलात?"

मी म्हणाले, "व्हॅन आली नाही अजून."

"आज दोनला येणार ना. गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे त्यांची. सकाळी डबा भरताना सांगितलं होतं मी."

"हो," मी म्हणाले. "हो, सांगितलं होतंस."

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

दोनला पाच मिनिटं असताना व्हॅन आली. ती उतरली, माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आजी, तुझी चप्पल कुठे आहे?" मी तिचं मनगट धरून वळवलं. फुलाची फिकट हिरवी खूण अजून तिथे होती. काल तेलाने पुसून उरलेली, आजची नव्हे. वर येऊन पाहिलं, तर कुकरमध्ये वरणभात तसाच होता, माझ्या एकटीच्या वाढणीपुरता कमी झालेला.

मी हे तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत मी घरात चोरासारखी वावरले. व्हॅन आली की वर येऊन मी कागदावर लिहायचे, आली, जेवली, झोपली, आणि तरी दर दहा मिनिटांनी उठून तिच्या छातीवर हात ठेवून पाहायचे. गेटवरून जाताना वॉचमनची नजर चुकवायचे. सगळ्यात वाईट म्हणजे, मला दुसऱ्या आठवणींचीही भीती वाटायला लागली. आईच्या शेवटच्या दिवशी मी तिच्या उशाशी होते, असं मला आठवतं. पण ते खरं कशावरून?

शुक्रवारी संध्याकाळी सून भाजी निवडत होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. गॅलरीचंही सांगितलं. तिचे हात थांबले.

मग म्हणाली, "तुमच्या आईंना असंच सुरू झालं होतं का?"

"ती विसरायची. मला न घडलेलं आठवलं."

"मला त्याच दिवशी सांगायचं होतंत, आई."

"सांगितलं असतं तर तू तिला माझ्याकडे ठेवली असतीस?"

तिने खोटं बोलायचं टाळलं. म्हणाली, "माहीत नाही."

पुढच्या आठवड्यात तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पाच शब्द सांगितले, गप्पा मारल्या आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. मला चार आले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तेव्हा मी इतक्या भरभर सांगितलं की ते हसले. रक्तात बी बारा फार कमी निघालं. त्याची इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, रोज तेच तेच काम करणाऱ्या माणसाचे दोन दिवस एकमेकांत मिसळू शकतात, त्यात डुलकी लागलेली असेल तर जास्तच. पण आईचा आजार विचारून त्यांनी तो कागदावर लिहून घेतला आणि सहा महिन्यांनी परत यायला सांगितलं.

तसं पुन्हा घडलेलं नाही, निदान माझ्या माहितीत तरी. नात अजूनही दुपारी माझ्याकडेच असते. सून पाऊण वाजता बँकेतून फोन करते, आणि लेकीशी बोलायचंय म्हणते. मला कळतं ती कशासाठी बोलते. मी फोन नातीच्या हातात देते आणि तिचा आवाज पलीकडे पोचेपर्यंत तिथेच उभी राहते.