न सांगता चालणारं सॉफ्टवेअर

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच गाढवपणाच्या गोष्टी झाल्या. त्यांतल्या बहुतेकांवर मी आज हसू शकतो. ही एक मात्र अशी आहे की आठवली तरी तोंड कडू होतं, म्हणून ती एकदाची लिहून टाकतो.

किनाऱ्यावरच्या पंचवीसेक घरांतल्या खोल्यांची बुकिंगं आम्ही घेतो. घरं लोकांची, जेवण त्यांच्या बायकांच्या हातचं, आम्ही फक्त पाहुणा आणि घर यांची गाठ घालून देतो. रस्त्याला लागून ऑफिस, तीन कॉम्प्युटर, दोन मुली आणि अकरा वर्षं आमच्याकडे असलेली एक बाई. ही बाई म्हणजे आमचं खरं ऑफिस. कुठल्या घरात पायऱ्या उंच आहेत, कुठल्या म्हातारीला दारू पिणारे पाहुणे खपत नाहीत, कुणाच्या विहिरीचं पाणी एप्रिलात खारं होतं, सगळं तिच्या डोक्यात. घरवाल्यांशी ती मालवणीत बोलते, पाहुण्यांशी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी. मला ती दादा म्हणते.

धंद्यात मुंबईचा मेव्हणा भागीदार आहे. तो वर्षातून दोनदा येतो, सुरमई खातो आणि सल्ले देऊन जातो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्याचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी आमच्याकडे चौकशी केली होती आणि राहिला मात्र समोरच्या वाडीतल्या दुसऱ्याच घरात. "भावोजी, तुमच्याकडून गिऱ्हाईकं फुटतायत. आतलंच कुणीतरी देतंय. तुमचं ऑफिस म्हणजे गावची पडवी झालंय, कोण काय करतं तुम्हाला पत्ता नाही." मग त्याने सांगितलं की आता सगळीकडे माणसांच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवतात, मीही एखादं निवडावं. मला राग आला, पण जो त्याच्यावर यायला हवा होता तो आतल्याआत त्या तीन बायकांकडे वळला. संशयाचं असंच असतं. फोन ठेवला आणि मी केबिनच्या काचेतून त्यांच्या पाठी बघत बसलो. आदल्या दिवसापर्यंत मी त्या पाठी कधी बघितल्या नव्हत्या.

तर मी निवडायला बसलो. तीन कंपन्यांच्या माणसांनी मला स्क्रीनवर नमुने दाखवले.

पहिलं सॉफ्टवेअर बोटं मोजत होतं. मिनिटाला किती बटणं दाबली, माऊस किती हलला. बोटं थांबली की रेघ तांबडी. मी विचारलं, आमची बाई तासभर फोनवर घरवाल्यांची समजूत काढते, त्याचं काय? विकणारा म्हणाला, "तो वेळ रिकामा धरला जाईल, सर." म्हणजे सगळ्यात मोठं काम ते रिकामं. वर त्यांची अट अशी की कर्मचाऱ्याची लेखी संमती घ्यायची.

दुसरा पुण्याचा पोरगेला गडी, सारखा हसणारा. त्याच्या वस्तूत कॅमेऱ्यातून माणूस दिसायचा. नमुना म्हणून त्याने स्वतःच्याच ऑफिसातली एक मुलगी मला दाखवली. ती चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट मोडून कपात पडलं, तिने इकडेतिकडे बघितलं आणि बोटाने काढून खाल्लं. "बघा सर, हिला माहीतच नाही!" असं म्हणून तो खो खो हसला. मला शिसारी आली. त्या मुलीची नव्हे, त्याची, आणि पडदा बंद न करता तिचं बोट तोंडात जाईपर्यंत बघत राहिलेल्या माझी. पण ह्याचंही म्हणणं, कॅमेऱ्याचं असल्यामुळे माणसांना एकदा कळवावं लागेल.

तिसरं काही मोजत नव्हतं, कॅमेरा वापरत नव्हतं. दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो काढायचं आणि माझ्याकडे पाठवायचं. कॉम्प्युटरवर त्याची काही खूण दिसत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही, पंधरा दिवस फुकट वापरून बघा. कायद्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला कॉम्प्युटर तुमचेच आहेत ना. मी लगेच हो म्हटलं.

आता खरं सांगतो, मी तिसरं का निवडलं. ते चांगलं होतं म्हणून नाही. पहिल्या दोन्हींत त्या बाईसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की बाय गो, माझा तुझ्यावर संशय आहे, इथे सही कर. ते सांगायची मला लाज वाटली. म्हणून न सांगता चालणारं घेतलं. इतका साधा हिशेब होता, आणि त्याला मी मनात 'सौम्य पर्याय' असं गोंडस नाव दिलं होतं.

बसवलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. आमचं ऑफिस एक ते चार बंद असतं, सगळ्या जेवून आडव्या व्हायला घरी जातात. तेवढ्यात काम उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने नेहमीप्रमाणे तिन्ही कॉम्प्युटर पुसले, पडद्यांवर झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं. तिचे वडील धामापूरला देवाकडे गाऱ्हाणं घालायचे, त्यामुळे आमच्या ऑफिसचं गाऱ्हाणं दर दसऱ्याला तीच घालते. हात जोडून, डोळे मिटून, खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा, आज दसऱ्याच्या दिवशी तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. ह्येंच्या हातात यश दी. धंद्याक बरकत येवंदे. ह्या घरार कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती परती फिरव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असं दोन्ही मुली म्हणाल्या. मीही म्हणालो. तोंडात शेंगदाणा खवट निघावा तसं झालं, पण म्हणालो. मग तिने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

नंतरचे आठ दिवस संध्याकाळी गडगडाट व्हायचा. आमच्याकडे आभाळ नुसतं गुरगुरलं तरी लाईट जाते. लाईट गेली की इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, खिडकीजवळचा, त्या बाईचा. मग ज्याला जे काम असेल तो तिच्या खुर्चीत जाऊन बसतो, मीसुद्धा. वर्षानुवर्षांची ही सवय. सॉफ्टवेअर बसवताना मात्र त्या कॉम्प्युटरला मी तिचं नाव देऊन टाकलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी, ऑफिस बंद असताना, मी केबिनची कडी लावून अहवाल उघडला. तिच्या नावाखालच्या फोटोंत सात मेल. सातही मेलांत पाहुण्याला समोरच्या वाडीतल्या घराचा नंबर दिलेला. माझे कान तापले. अकरा वर्षं! सकाळी नारळ फोडते आणि दुपारी गिऱ्हाईक विकते! तिला काय आणि कसं बोलायचं तेही मी मनात जुळवलं. मग पुरावा म्हणून पडद्याचे फोटो एकेक करून मोठे केले.

"आमच्याकडे त्या तारखांना जागा नाही, पण तुम्हाला परत पाठवणार नाही. खालच्या नंबरवर बोला. माणूस कमी बोलतो, पण मासे ताजे देतो."

हे वाक्य माझं. वीस वर्षं मी तेच लिहीत आलोय आणि स्वतःच्या विनोदावर खूशही होत आलोय. लाईट गेलेल्या संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसून मीच लिहिले होते त्यातले चार मेल. उरलेले तीन तिचे, पण शब्द माझेच उचललेले. आपल्या घरात जागा नसली तर पाहुण्याला शेजारी पोचवायचं, आणि शेजाऱ्याचं घर भरलं की तो आपल्याकडे पाठवतो, ही इथली रीत तिला मीच पहिल्या दिवशी शिकवली होती. गिऱ्हाईकं फोडणारा तो मी. मेव्हण्याच्या एका फोनने मला माझीच रीत चोरी वाटायला लागली होती.

इथे मी कॉम्प्युटर बंद केला असता तर ही फक्त एक हसण्यासारखी गोष्ट झाली असती. पण समोर शेकड्यांनी फोटो होते आणि कडी लावलेली होती. मी पुढचा उघडला, मग त्याच्या पुढचा. आता मी काहीच शोधत नव्हतो. मोडलेल्या बिस्किटासारखंच, नुसतं बघत होतो.

पाहुण्यांची ओळखपत्रं घ्यायला ती स्वतःचं व्हॉट्सअॅप कॉम्प्युटरवर उघडून ठेवते. एका फोटोत तिच्या बहिणीशी चाललेलं बोलणं होतं. ही धाकटी बहीण वैभववाडीला दिलेली. बाईच्या छातीत गाठ लागली होती, गोव्याच्या हॉस्पिटलात तपासणी व्हायची होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं. 'कोणाक सांगू नको' असं तिने लिहिलं होतं, आणि त्याखाली बहिणीचं एका ओळीचं उत्तर. मी सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

मग मी उठलो. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, सॉफ्टवेअर तिन्ही कॉम्प्युटरवरून काढून टाकलं, फोटो पुसले. मेव्हण्याला फोन करून दोन सणसणीत शब्द ऐकवले. तेवढ्याने आपण स्वच्छ झालो असं मला वाटलं, हेच आता जास्त किळसवाणं वाटतं.

कारण दुसऱ्या दिवशी मी चांगुलपणा करायला गेलो. मुली चहाला बाहेर गेल्यावर तिच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "गो बाय, गोव्याक जावचा आसात तर माझी गाडी घेवन जा. ड्रायव्हर देतंय. दोन दिस रजा घे, कसली चिंता करू नको."

तिचा हात कीबोर्डवरच राहिला.

"तुमका कोणी सांगल्यान?"

"आला कानार."

"मी आवशीक पण सांगूक नाय." ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्यावर संशय घ्यावा हे तिच्या मनात आलंच नाही. "एकट्या भयणीक म्हायत होता. म्हणजे तिनाच सांगल्यान."

तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "जावंदे गो, काळजीपोटी बोलतत माणसां." म्हणजे नुसता गप्प राहिलो असंही नाही. बिचाऱ्या बहिणीवर शिक्का मारून मोकळा झालो.

गाडी तिने घेतली नाही. बहीण सोबत जाणार होती, तिलाही नेलं नाही. पहाटेच्या एसटीने एकटी गेली, एकटी तपासून आली, अहवालासाठी पुन्हा एकटी गेली. गाठ साधी निघाली. हे तिने मला एका वाक्यात सांगितलं, ऑफिसातलं मराठी वापरून: "रिपोर्ट चांगला आहे, दादा, काळजीचं कारण नाही."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाल्यावर बहीण ऑफिसात आली. बाई तेव्हा एक घर बघायला देवबागला गेली होती. बहिणीच्या हातात घरच्या नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "माझो फोन उचलणा नाय ती. एक म्हयनो होयत इलो. मी काय केलंय ता तरी सांगांदे. दादा, तुमचा ती ऐकता. तुमी विचारा तिका." चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाली, परतीची गाडी चुकेल म्हणून निघून गेली. तुमचा ती ऐकता! मला त्या पोह्यांकडे बघवेना.

बाई चारच्या सुमाराला आली. पिशवी बघून तिने कुणाची ते ओळखलं आणि बाजूला सारली. मी मुलींना घरी पाठवलं आणि सगळं सांगितलं. मेव्हण्याचा फोन, ते सॉफ्टवेअर, कडी, फोटो. खालमानेने नव्हे, तिच्याकडे बघून सांगितलं, एवढीच एक बरी गोष्ट मी ह्या सगळ्यात केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दसऱ्याक पण होता ता, ह्या कॉम्प्युटरात?"

"होता."

"आणि तुमी होय म्हाराजा म्हटल्यात."

मी मान हलवली.

"माझा सगळा वाचल्यात?"

"वाचलंय."

"मगे मी 'कोणाक सांगू नको' लिवलंय, त्याच्याखाली तिना काय लिवल्यान, ता तुमी वाचल्यात. माका आता तुमच्या तोंडसून ऐकाचा आसा. सांगा."

मला ती ओळ पाठ होती. गेला महिनाभर ती मला झोपताना आणि उठताना आठवत होती.

"'मेलंय तरी सांगूचंय नाय.'"

"ह्या म्हायत आसान तुमी तिच्यार घातल्यात."

तिने पोह्यांची पिशवी पुढे ओढून मांडीवर घेतली आणि फोन लावला. एका घंटीत पलीकडून उचलला गेला, बहीण अजून एसटीत असणार. बाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग उठली, पिशवी काखेत धरून दाराबाहेर गेली, रस्ता ओलांडून पलीकडच्या माडाखाली जाऊन उभी राहिली आणि तिथे पाठ करून बोलायला लागली.

ती अजून आमच्याकडेच आहे. बुकिंगं तीच बघते, ह्या दसऱ्याला गाऱ्हाणं मात्र त्या दोन मुलींपैकी एकीने घातलं. घरचा फोन आला की ती उठते आणि भर उन्हात रस्त्यापलीकडे जाऊन बोलते.