पुकारआबांच्या फोनचं कुलूप

जळोचीत पुकारआबांनी "चहा टाक गं" म्हटलं, की तिकडं शेजारच्या तालुक्यात, लासुर्ण्यात कुणीतरी गॅसवर आधण ठेवायचं. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा, कप अजून मांडून ठेवलेले असतील. आबांची उभी हयात बारामतीच्या बाजारात गेली, गुळाच्या लिलावात पुकारा करण्यात. त्यामुळं आकडा दिसला की तो मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. एस्टीचा नंबर, घड्याळातली वेळ, डॉक्टरांनी पाहिलेला ताप, सगळ्याचा पुकारा व्हायचा.

बाजार सुटला आणि आबा सोयरिकी जमवायला लागले. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण उकिडवं, आणि झोपेतसुद्धा पाय चालूच. रात्री अंगावर घेतलेली गोधडी सकाळी शेजाऱ्याच्या अंगणात सापडायची. तो शेजारी मी. माझ्याकडं मोटारसायकल होती, म्हणजे मी आपोआप सारथी झालो. "चल रं, लोणी भापकरला एक पोरगी हाय," म्हणायचे आणि मी किक मारायच्या आत मागं बसून "आजून हितंच?" म्हणत माझी पाठ बडवायचे.

पूर्वी मुलींचे फोटो त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असत. मग फोन आला आणि दोन्ही तालुक्यांतल्या आया त्यावर फोटो धाडू लागल्या. सोबत शिक्षण, पगार, जन्मवेळ, घरचा पत्ता. आबा फोन कधी दुसऱ्याच्या हातात देत नसत. स्वतः धरून दाखवायचे. कुणी हात पुढं केला की ओरडायचे, "लांबनं बघा! पोरगी हाय, गुळाची ढेप न्हाय, बोट लावून चाखायला!"

एवढ्या लेकींची माहिती म्हणून सूनबाईंनी फोनला कुलूप घालायचं ठरवलं. आधी बोटाचा ठसा. पण ढेपा हाताळून हाताळून आबांची बोटं अशी गुळगुळीत झाली होती की फोननं ओळखच दाखवली नाही. मग आकडे ठेवले, आणि सगळा घोळ झाला. आबा आकडा दाबताना पुकारायचेच. "सात! सात एकवार! पुढं बोला, नऊ!" चार दिवसांत जळोचीतल्या कोंबड्यांनासुद्धा आकडा पाठ झाला. सूनबाई आकडे बदलत राहिल्या, आबा पुकारत राहिले. शेवटी त्यांनीच कुलूप काढायला लावलं. "साऱ्या गावाकडं चावी हाय, मग कुलपाचं वझं कशाला?"

त्यानंतर लासुर्ण्यातलं ते लग्न. आबांनी फोन साउंडवाल्याच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि पंगतीत आग्रह करायला गेले. परत आले तर नुसती वायर लोंबत होती.

मी आबांना घाबरलेलं त्या दिवशी पाहिलं. "साऱ्या पोरी उघड्यावर पडल्या रं," म्हणाले आणि सरळ माइककडं निघाले. मी हात धरला. "आबा, बोंब मारली तर घेणारा पळंल!"

हरवलेल्या फोनला दुसऱ्या फोनवरून कुलूप घालता येतं, हे सूनबाईंनी मला शिकवून ठेवलं होतं. त्याला आबांच्या खात्याचा पासवर्ड हवा होता आणि तो फक्त आबांना पाठ. "सांगा लवकर," मी म्हटलं. आबांनी छाती भरून श्वास घेतला. मी झडप घालून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"कानात, आबा! कानात!"

"कानात कसं बोलत्यात रं?"

शेवटी त्यांनी माझ्या कानाला ओठ लावले आणि हयातीत पहिल्यांदा कुजबुजले. कुजबुज कसली, माझा कान अजून गुणगुणतो. पण मंडपाला ऐकू गेलं नाही. माझ्या फोनवर रेंजची एकच काडी, पडद्यावर चक्र फिरतंय, आणि माझ्याभोवती आबा फिरतायत. "झालं का? झालं का?" अखेर कुलूप बसलं. आबांच्या फोनच्या पडद्यावर दिसतील अशा मी दोन ओळी टाकल्या: 'यात लेकीबाळींचे फोटो आहेत. परत द्या.' आणि फोन वाजायला सोडला.

पंगतीत एक निळं जाकीट किंचाळायला लागलं.

जाकिटातल्या माणसाचा बुंदीचा घास हातातच राहिला. चाळिशीला टेकलेला, आबांनी कितीदा ठिकाणं दाखवूनही लग्न न जमलेला. माणसं अंगावर धावली. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, सणसरच्या त्या पोरीचा फोटो पुन्यांदा बघायचा हुता. तेवढाच. कुणाला धाडला न्हाय, आईशप्पत." फोन उघडून आम्ही तपासलं. खरंच कुठं गेला नव्हता.

आता आबांचा आवाज मंडप फाडणार, म्हणून मी कानांत बोटं घातली. आबा खाली वाकले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. नुकतीच शिकलेली विद्या. काय बोलले ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो उठला, हात धुतले, आणि पुढच्या पंगतीला मान खाली घालून भात वाढायला लागला.

त्या दिवसापासून फोनला कुलूप कायम राहिलं. आकडे दाबायच्या आधी आबा उपरण्याचं टोक दातांत गच्च धरायचे. आत पुकारा दाबला जायचा, डोळे बाहेर यायचे, गळ्याच्या शिरा उसाएवढ्या फुगायच्या, पण आवाज नाही. म्हणायचे, "पुकारा आवरायला लई ताकद लागती रं." मला मात्र बजावून ठेवलं होतं: "मी गेलो की आदी पोरींना मोकळं कर. मग रडत बस."

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. ओसरी माणसांनी भरली, आणि त्यांतलेच एक पाहुणे डोळे पुसत सूनबाईंना म्हणाले, "आमच्या पोरासाठी आबांनी एक ठिकाण काढलं हुतं. फोन द्या जरा, बघून घेतो." सूनबाईंनी फोन पिठाच्या डब्यात लपवला होता. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मी आतल्या खोलीत शिरलो, माझा फोन काढला. आबांच्या खात्यात गेलो. सगळं पुसायचं बटण समोर आलं. पुन्हा एकदा तो पासवर्ड मागितला, आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. खुंटीला आबांचं उपरणं होतं. त्याचं टोक मी दातांत धरलं आणि एकेक अक्षर दाबलं.

बाहेर सगळे मोठ्यानं रडत होते. मला हुंदका आला, पण उपरणं सोडलं नाही.