सतरा डावांत एक जोडी

नवापूरच्या हायवेवरून आत गेलं की कोंबड्यांच्या शेडांच्या रांगा लागतात. त्यांच्या टोकाला एक हॅचरी आहे, अंडी उबवून पिल्लं काढायची. तिथल्या काळोख्या खोलीत प्रमिलाबाई गेली अठरा वर्षं अंडी तपासतात. खालून दिवा, वर अंडं. कवचाआड पिल्लाची दाट सावली आणि शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसता उजेड आरपार आला तर बाजूला काढायचं. हे काम चार दिवसांत कुणालाही जमतं. प्रमिलाबाईंचं वेगळं होतं. शंभरेक अंडी हाताखालून गेली की त्या मान वर न करता सांगायच्या, "या लॉटमा शंभरले ब्याऐंशी निंघतीन." तीन दिवसांनी मशीन उघडलं की एखाद-दुसरं पिल्लू इकडेतिकडे, पण आकडा तोच. मालकाला त्याचं कौतुक होतं. एकवीस साली बर्ड फ्लूनं सगळ्या शेडा रिकाम्या झाल्या, पाच महिने काम बंद पडलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिला फोन त्यांनाच आला होता.

माहेर शहाद्याकडचं, तापीकाठचं. दहावीला गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव पडले होते. गुरुजी घरी येऊन सांगून गेले की पोरीला पुढे शिकवा. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि पुढच्या वैशाखात लग्न लावून दिलं. नवरा सुपडू खाद्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. स्वभावानं सरळ, बोलायला कमी. त्याच्यामागे त्या नवापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. गणिताचं काय झालं असं त्यांना कुणी विचारलं नाही.

पोकर त्यांना शिकवला तो हॅचरीच्या डॉक्टरांनी. योगेंद्र नाव, मूळचे धुळ्याचे, तिशीतले, जनावरांचे डॉक्टर. दुपारच्या सुट्टीत बायका डबा खाऊन पॅकिंगच्या खोलीत पत्ते कुटायच्या. एकदा डॉक्टर म्हणाले, "हे सोडा, तुम्हाला नवीन डाव दाखवतो." प्रत्येकीला दोन पत्ते, ते झाकून ठेवायचे. मधे पाच पत्ते एकेक करून उघडायचे, ते सगळ्यांचे. सातांतून ज्याचे पाच भारी, तो जिंकला. मधल्या काळात बोली लावायची, वाढवायची, किंवा पत्ते टाकून गप्प बसायचं. पैशांऐवजी मक्याचे दाणे.

चौथ्या-पाचव्या दिवशी प्रमिलाबाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हातातले दोन्ही पत्ते सारखे यायची जोडी किती डावांत एकदा पडते?"

डॉक्टर मोबाईल चाचपायला लागले.

"थांबा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पहिला कुठला का येईना. मागे राहिले एक्कावन्न. त्यांत त्याच्यासारखे तीन. म्हणजे सतरात एकदा."

डॉक्टरांनी मोबाईल परत खिशात टाकला. त्या दिवसापासून ते प्रमिलाबाईंसमोर जपून बोली लावायला लागले.

खेळाचं खरं सुख मात्र समोर रमिला बसली की असायचं. रमिला खांडबाऱ्याजवळच्या पाड्यावरची, रोज सकाळच्या गाडीनं नवापूरला येणारी. वयानं आठ-नऊ वर्षांनी धाकटी, हसरी. घरी ती मावची ही आदिवासी बोली बोलायची, प्रमिलाबाईंशी मोडकीतोडकी अहिराणी. चांगले पत्ते आले की तिचा उजवा पाय हलायला लागायचा, आणि ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रमिलाबाईंनी कुणाला सांगितलंही नाही. त्या नुसत्या पायाकडे बघून पत्ते टाकून द्यायच्या.

मोबाईलवर हाच खेळ पैशांनी चालतो हे त्यांना पुढच्या वर्षी कळलं. एका नावाजलेल्या अ‍ॅपवर त्यांनी तीनशे रुपये घालून सुरुवात केली. घाई नाही, हाव नाही. जोडी आली, मोठे पत्ते आले तर खेळायचं, नाहीतर टाकून द्यायचं. बाकीचे लोक कंटाळून कुठल्याही पत्त्यांवर बोली लावायचे, आणि प्रमिलाबाईंचा कंटाळा तर अठरा वर्षं अंडी बघून मेलेलाच होता. महिन्याला हजार-दीड हजार सुटायचे आणि बिनबोभाट बँकेत यायचे. सुपडूला माहीत होतं. "जिकं ते जिकं," एवढंच तो म्हणायचा, आणि त्या पैशांतून घेतलेल्या मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवून घ्यायचा.

पंचवीस सालच्या ऑगस्टात सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. अ‍ॅप बंद पडलं. प्रमिलाबाईंचे त्यात बावीसशे रुपये होते. गेले असं धरून त्या चालल्या होत्या. चौथ्या दिवशी सगळे खात्यावर आले. एक रुपया कमी नाही. एवढा सचोटीचा व्यवहार बघून त्यांना त्या कधी न पाहिलेल्या माणसांबद्दल मनातून बरं वाटलं. पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या बरं वाटण्यातच झाली.

दिवाळीनंतर मोबाईलवर मेसेज आला. 'आपलेच टेबल, नवीन नावाने. फक्त जुन्या खेळाडूंसाठी.' खाली लिंक. चिन्ह साधारण पहिल्यासारखं, रंगही तेच. प्रमिलाबाई लगेच भुलल्या नाहीत. बंदी असताना हे कसं चालतं, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्याचं उत्तर मेसेजमध्येच होतं, की कंपनी आता परदेशात नोंदवली आहे. ते कितपत खरं हे तपासायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून त्यांनी ते तपासलं, जे तपासता येत होतं.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो, तीस खळग्यांचा. तसा एक फाटका ट्रे त्यांनी घरी आणला. सगळ्यात छोट्या बोलीवर खेळायला बसल्या आणि वहीत प्रत्येक वाटपाला एक रेघ ओढायला लागल्या. हातात जोडी आली की ट्रेमध्ये एक दाणा. पत्ते खरे असतील तर सतरात एक, म्हणजे ट्रे भरायला पाचशे दहा वाटपं लागायला हवीत. पहिला ट्रे चारशे शहाण्णवला भरला. दुसरा पाचशे तेवीसला. दोन्ही मिळून हजार एकोणीस, आणि हिशोबानं हवी होती हजार वीस. प्रमिलाबाई वहीकडे बघून एकट्याच हसल्या. पाचशे रुपये काढूनही बघितले. पाच मिनिटांत बँकेचा मेसेज आला.

हे सगळं त्यांनी रमिलाला सांगितलं. सांगताना आवाजात थोडी शेखी होती, हे त्या नंतर स्वतःच कबूल करायच्या.

रमिलाच्या घराचे पत्रे वादळात उडाले होते. नव्या पत्र्यांसाठी तिनं आठ हजार साठवले होते, अजून तेवढेच लागत होते. दोन दिवस तिनं विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी नोटा पुढे केल्या.

"ताई, मन्हाबी टाकी दे. तूच खेळ. माले तुन्ही नजर माहीत शे."

प्रमिलाबाईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

जानेवारी संपता संपता खात्यात एक्केचाळीस हजार दिसायला लागले. रमिलाचे आता पत्रेही होत होते आणि मजुरीही निघत होती. प्रमिलाबाईंनी सगळे काढायचं बटण दाबलं. मेसेज आला, 'रक्कम मोठी असल्याने तीस टक्के कर आधी भरावा लागेल.' बारा हजार तीनशे. खाली एक नंबर.

त्या दुपारी त्या काळोख्या खोलीत बसून होत्या, हातात अंडं होतं, आणि डोक्यात पोकर चालला होता. बारा हजार लावायचे, मिळाले तर एक्केचाळीस. म्हणजे तीनात एकदा जरी पैसे सुटणार असले तरी डाव नुकसानीचा नाही. आणि शक्यता तर तीनात एकपेक्षा चांगलीच असणार. मागच्यांनी बावीसशे परत केले होतेच की. टेबलावर असा हिशोब त्यांना कधीच दगा देत नव्हता. सुट्टीत त्यांनी स्टेट बँकेतले बारा हजार तीनशे पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला की कर मिळाला, आता खातं पडताळणीचे सात हजार भरा.

प्रमिलाबाईंनी तो मेसेज तीनदा वाचला. मग त्यांना जे कळलं ते इतकं साधं होतं की त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. सतरात एक हा आकडा त्यांनी मोजून काढला होता. एक्कावन्न पत्ते, त्यांतले तीन, सगळं समोर. हा तीनात एक कुठून आला होता? कुठूनच नाही. मनानं लावला होता. पत्ते हजार एकोणीस वेळा तपासले, आणि पैसे बाहेर येतात की नाही हे एकदा, तेही पाचशेवर. खोटे पत्ते वाटायची त्या लोकांना गरजच नव्हती. जिंकू दे बिचारीला, पैसे बाहेर थोडेच जाणार आहेत?

संध्याकाळी त्यांनी सुपडूला सांगितलं. तो टेम्पो धूत होता. पाइप हातात तसाच धरून त्यानं सगळं ऐकलं, पाणी नुसतं वाहत राहिलं.

"आपला गया ते गया," तो म्हणाला. "त्या बाईना पैसा शे त्यामा. तिले सांगं का?"

"नई."

"मंग सकाये आधी ते कर."

सकाळच्या गाडीच्या वेळेला त्या नवापूर स्टेशनवर जाऊन उभ्या राहिल्या. हॅचरीत चौदा बायकांसमोर बोलणं त्यांना शक्य नव्हतं. रमिला गाडीतून उतरली, त्यांना बघून आधी हसली, मग थांबली.

"काय व्हयनं, ताई?"

"पैसा निंघत नई, रमिला. ते लोक चोर शेतस. मी फसनी, आनि तुलेबी फसाडं. तुन्हा आठ हजार मी देसू. पगारमाईन देसू."

प्लॅटफॉर्म रिकामा झाला. मग रमिला म्हणाली, "तू मना करती ते मी नई टाकती," आणि एकटीच पुढे चालायला लागली. प्रमिलाबाई तिच्या मागून, वीसेक पावलं सोडून, हॅचरीपर्यंत गेल्या.

पुढचे तीन आठवडे रमिला डबा घेऊन दुसऱ्या खोलीत बसायची. फेब्रुवारीचा पगार झाला तेव्हा प्रमिलाबाईंनी चार हजार तिच्या हातात दिले. तिनं ते न मोजता घेतले आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. सगळ्या नुकसानीत प्रमिलाबाईंना हेच जड जात होतं. रमिला चिडून भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

डॉक्टर योगेंद्रांना कुणकुण लागलीच. ते येऊन म्हणाले, "प्रमिलाबाई, तक्रार करा. सायबरला. पैसे मिळतील असं मी सांगत नाही."

"बंदीचा खेळ खेळले म्हणून मलाच धरतील."

"खेळणाऱ्याला शिक्षा नाही त्या कायद्यात. चालवणाऱ्याला आहे. मी वाचून आलोय. आणि तुमच्याइतकी टिपणं कुणाकडे असतील?"

ते खरंच होतं. वहीत तारीख, वेळ, बोली, ज्या नंबरवर पैसे गेले तो नंबर, सगळं होतं. पण आठ हजार रमिलाचे होते, आणि तिचं नाव तिला न विचारता लिहून द्यायचं प्रमिलाबाईंच्या मनाला पटेना. त्या दुसऱ्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी नंदुरबारले जाई ऱ्हायनी, सोमवारे. तक्रार द्याले. तुन्हं नाव लिखू का नको?"

रमिलानं तोंडातला घास गिळला. "मी येस," ती म्हणाली.

सोमवारी खांडबाऱ्याला ती गाडीत चढली आणि प्रमिलाबाईंसमोर बसली. नंदुरबारच्या सायबर पोलिसांच्या ऑफिसात तरुण हवालदारानं वही चाळली. जोड्यांच्या पानावर थांबून विचारलं, "हे काय आहे?" प्रमिलाबाईंनी एक्कावन्नातले तीन समजावून सांगितले. तो ऐकत राहिला, मग त्यानं शेजारच्याला बोलावलं आणि त्यालाही पुन्हा सांगायला लावलं. रमिला बाकावर बसून ते बघत होती. तक्रार लिहून झाली. हवालदार म्हणाला की पैसे चार-पाच खात्यांतून फिरून बाहेर गेलेले असतात, आशा फार धरू नका, पण तो नंबर कामाला येईल. दोघींनी सह्या केल्या. रमिलानं हळूहळू, पूर्ण नाव लिहून.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेर दोघींनी भजी खाल्ली. रमिलानं पैसे दिले आणि प्रमिलाबाईंनी पर्स उघडली तेव्हा त्यांचा हात बाजूला सारला. गाडीत जागा खिडकीशी मिळाली. बाहेर केळीची शेतं मागे जात होती.

"ताई," रमिला म्हणाली, "मी तुले पुसं नई, ते पैसा निंघी का. मन्हा ध्यानमाच उनं नई."

"मन्हाबी ध्यानमा एकदाच उनं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

रमिलाला हसू आलं. तिनं ते लपवलं नाही. मग नवरा काय म्हणाला, सासूला अजून कसं माहीत नाही, पत्रे आता पावसाळ्याआधी अर्धेच टाकायचे आणि बाकीच्यावर ताडपत्री, असं ती खांडबाऱ्यापर्यंत बोलत राहिली. प्रमिलाबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी सुपडूच्या टेम्पोचं सुचवलं, पत्रे आणायला भाडं लागणार नाही. रमिला म्हणाली, रविवारी सांगते.

गाडी थांबली. रमिला उतरून खिडकीशी आली.

"उद्या कोनता लॉट शे?"

"तीन नंबर."

"चांगला शे?"

"बघानं पडी," प्रमिलाबाई म्हणाल्या. गाडी सुटली तेव्हा रमिला पिशवी खांद्याला लावून पाड्याच्या रस्त्याला लागलेली होती.