ड्रॉवरमधला अर्ज

नानांना ऑफिसचे सगळे नियम तोंडपाठ होते आणि बास्केटबॉलचा एकही येत नव्हता. तरी जळगावात आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीमचा त्यांच्याएवढा वेडा माणूस मी पाहिला नाही. मॅच असली की साडेचारला नाना टेबल आवरायचे, शाईचा पॅड बंद करायचे आणि स्वतःची लोखंडी खुर्ची उचलून मैदानाकडे निघायचे. शिपायाला ते खुर्चीला हात लावू देत नसत. खुर्चीच्या पाठीवर कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरातला नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेला होता. तो नंबर मैदानावर दिसला की मुली म्हणायच्या, आले नाना.

नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क. मी ज्युनियर क्लार्क म्हणून नवीनच लागले होते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मी त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान असेन, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं. 'अहो नाना, नावाने हाक मारा,' असं मी दोनदा सांगून पाहिलं. 'हुद्द्याला मान असतो, मॅडम,' म्हणाले आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. ऑफिसात त्यांची मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखी असे. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सोबत जोडले आहे' हे शब्द ते चहा मागवतानाही वापरतील की काय, अशी मला भीती वाटायची.

मैदानावर मात्र हा माणूस ओळखू येत नसे. खुर्चीवर बसले की पाचव्या मिनिटाला पारोळ्याकडचं त्यांचं गाव तोंडातून बाहेर पडायचं. "पय ना आंडेर, पय! काय करी राह्यनी! टाक टोपलीमा!" पळ म्हणायला ते पय म्हणत, पोरीला आंडेर आणि बास्केटला टोपली. तीन गुण कशाला आणि दोन कशाला मिळतात, हे मी मोबाईलवर वाचून त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, चेंडू टोपलीत गेला एवढं मला दिसतं. पुढचं पंच बघतील, त्यासाठी त्यांची नेमणूक आहे."

ऑफिसात त्यांचा एकच हट्ट होता. आलेला कागद त्याच दिवशी पुढे गेला पाहिजे. मी नवीन असताना एकदा बोनाफाईडचे चार अर्ज 'उद्या करू' म्हणून बाजूला ठेवले. नानांनी ते उचलून माझ्यापुढे मांडले. "कागदाला पाय नसतात, मॅडम. पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या पोराला असतात, आणि ते दुखतात." मला राग आला. सहा वाजेपर्यंत बसून मी चारही अर्ज केले, आणि नाना माझ्यासाठी सहापर्यंत थांबले.

टीममध्ये योगिता नावाची मुलगी होती. धरणगावजवळच्या खेड्यातून रोज ये-जा करायची. पाच फूट अकरा इंच उंची. गावात लोक तिला 'विजेचा खांब' म्हणायचे, आणि आमच्याकडे त्याच उंचीवर टीम उभी होती. ती आली त्या वर्षापासून आम्ही जिंकायला लागलो. सायकल स्टँडशेजारच्या सिमेंटच्या कोर्टावर पूर्वी कुत्री झोपत. आता मॅचच्या दिवशी भिंतीवर बसायला जागा मिळेना. गेटसमोरचे पानवाले भाऊ टपरीला कुलूप लावून येऊ लागले. योगितासुद्धा बॉल टाकायच्या आधी एकदा त्या लोखंडी खुर्चीकडे बघायची. घरातलं कोणी मॅच बघायला येत नसे, तिला बघायला नानाच होते.

आणि मग बातमी फुटली की योगिता धुळ्याला चालली. धुळ्याचं ते कॉलेज म्हणजे आमचं जुनं दुखणं, दर वर्षी फायनलला तेच समोर. तिथे छपराखालचं लाकडी कोर्ट आहे, मुलींचं हॉस्टेल आहे, राज्याच्या टीमपर्यंत पोरी नेणारे कोच आहेत. कोणीतरी योगिताचा त्या कोचशी बोलतानाचा फोटो 'लाल जर्सी' नावाच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि जे सुरू झालं ते काय सांगावं. एकाने तिच्या फोटोला धुळ्याची निळी जर्सी चढवली. एकाने रडणारे चेहरे टाकले, मोजून तीन ओळी. कोणी 'गद्दार' लिहिलं. कोणी 'किती खोके?' विचारलं, कारण आता पक्ष बदलला की हा प्रश्न महाराष्ट्रात पोरंसोरंही विचारतात. पानवाले भाऊ म्हणाले, "खाल्लं आमच्याकडं आणि हात धुवायला धुळ्याला?" जणू काही ही मुलगी त्यांच्या टपरीवर वाढली होती. ती रोज सकाळी पहिली बस पकडते आणि टाचा दुखतात म्हणून सिमेंटवर दोन मोजे चढवून खेळते, हे मला मुलींकडून कळलं होतं. ग्रुपवर त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की टी.सी. नानाच लिहितात. मग पाच-सहा पोरं आणि पानवाले भाऊ ऑफिसात आले. भाऊंनी आवाज खाली आणून सांगितलं, "नाना, अर्ज आला ना, की दाबून ठेवा. सोमवारी धुळ्याची ॲडमिशन बंद होते. मंगळवारी द्या मग, बँड लावून द्या."

नाना उभे राहिले. "हे कार्यालय आहे. अर्ज दाबायला हा काय उसाचा चरक आहे? निघा!" पोरं गेली. मला नानांचा अभिमान वाटला. नाना खाली बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. एवढ्यावरूनच त्यांचं लक्ष कामात नाही हे मला कळायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी प्राचार्यांच्या केबिनमधून शिपाई योगिताचा अर्ज घेऊन आला. कोपऱ्यात साहेबांची हिरव्या शाईतली सही होती. फक्त टी.सी. लिहायची राहिली होती, नानांच्या हाताने दहा मिनिटांचं काम. नानांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग टेबलाचा ड्रॉवर उघडला, अर्ज आत ठेवला आणि ड्रॉवर लावला.

शुक्रवारी योगिता खिडकीशी आली. "नाना, झालं का?"

"साहेबांची सही बाकी आहे," नाना म्हणाले. तिच्याकडे न बघता.

ती "बरं" म्हणून गेली. शनिवारी पुन्हा आली, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा "बरं". ती गेल्यावर मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून म्हटलं, "नाना, सही तर झालीय."

"मॅडम, आपण आपल्या टेबलाचं काम बघा."

मी बघितलं. मला साहेबांकडे जाता आलं असतं, पण नोकरी नवी होती आणि समोर नाना होते. मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

शिपायाच्या पोटात गोष्ट राहत नसे. शनिवारी दुपारपर्यंत ग्रुपवर बातमी गेली. 'नाना जिंदाबाद', 'नानांनी कॉलेज वाचवलं'. चार वाजता तीच पोरं पुन्हा आली, यावेळी पेढ्यांचा पुडा घेऊन. पानवाले भाऊंनी दोन्ही हातांनी नानांचा हात धरला. "मानलं नाना तुम्हाला. बठ्ठा गाव तुमचं नाव घेतो."

इतक्या वर्षांच्या नोकरीत नानांना काम न केल्याबद्दल पहिल्यांदाच कोणी पेढे आणले होते. नानांनी हात सोडवून घेतला. पोरं गेल्यावर पुडा तसाच टेबलावर राहिला, त्याचा दोराही कोणी सोडला नाही. घरी जाताना मी वळून पाहिलं तर नाना पुड्याकडे बघत बसले होते.

सोमवारी मी दहाला पोचले तेव्हा टी.सी. लिहून झाली होती. वर्तणुकीच्या रकान्यात नाना सगळ्यांना 'चांगली' लिहीत. 'उत्तम' म्हणायला पुरावा लागतो, असं त्यांचं मत. योगिताच्या टी.सी.त त्यांनी 'उत्तम' लिहिलं होतं. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. "गावाहून इकडे येत बसू नकोस, थेट धुळ्याला नीघ. कागद मी घेऊन येतो." अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टँडकडे निघाले. एरंडोलच्या पुढे बस पंक्चर झाली आणि नाना एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून धुळ्याला पोचले. कॉलेजात तिथल्या क्लार्कने 'उद्या या' म्हणताच नाना त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. "मीही क्लार्क आहे," एवढंच म्हणाले. ॲडमिशन झाली. योगिताशी ते 'नीट खेळ' यापलीकडे काही बोलू शकले नाहीत. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी प्राचार्यांच्या नावे एक कागद लिहिला, त्यावर आवकचा शिक्का मारला, नंबर टाकला आणि स्वतः केबिनमध्ये नेऊन दिला. तो होता खुलासा. 'उपरोक्त विद्यार्थिनीचा अर्ज माझ्याकडून हेतुपुरस्सर विलंबाने निकाली निघाला.' मेमो नसताना खुलासा देणारा माणूस साहेबांनीही कधी पाहिला नसावा. मी सह्या घ्यायला आत उभी होते.

"नाना, कोणाची तक्रार नाही. ॲडमिशनही झाली. फाडून टाका हे."

"फाडता येणार नाही, साहेब. आवक क्रमांक पडला आहे."

तो कागद नानांच्या सर्व्हिस फाईलला लागला. निवृत्तीला सहा महिने राहिले होते.

डिसेंबरात धुळ्याची टीम आमच्या कोर्टावर आली. निळ्या जर्सीतली योगिता बसमधून उतरली आणि भिंतीवरून ओरडा सुरू झाला. गद्दार, खोके, आणि लिहिता येणार नाही असंही काही. नाना खुर्ची घेऊन नेहमीच्या जागी बसले होते. तिसऱ्यांदा तिच्या हातात बॉल आला आणि तिसऱ्यांदा शिव्या आल्या, तेव्हा नाना उठले, भिंतीकडे तोंड केलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "तिनी टी.सी. मी लिखी दिन्ही! शिव्या देन्या व्हतीन ते माले द्या!"

नानांना कोण शिव्या देणार? भिंतीवरच्या अर्ध्या लोकांचे दाखले त्यांनीच लिहिले होते. पानवाले भाऊ मान खाली घालून चपलेने माती उकरू लागले. मॅच पुढे गेली आणि आम्ही अकरा गुणांनी हरलो. धुळ्याच्या गुणांतले बरेचसे योगिताचे.

मॅच संपल्यावर ती नानांच्या पाया पडायला आली. नानांनी तिला मध्येच थांबवलं. मी खुर्ची न्यायच्या निमित्ताने जवळच होते.

"आधी आयक," नाना म्हणाले. "तुना अर्ज मन्हाकडे सही व्हईसन येल व्हता. मीच ड्रॉवरमा ठी दिन्हा. तुले खोटं बोलनू."

"माले माहीत व्हतं, नाना."

"कसं काय?"

"साहेबनी मन्हा समोरच सही करी व्हती."

नानांचा चेहरा मला बघवेना. "मंग तू बोलनी का नही? सोमवारे ॲडमिशन बंद व्हयी जाती ना, माय!"

"बाप म्हने, चाल, साहेबकडे जाऊत," योगिता म्हणाली. "मी सांगं, नको. नाना रुसेल शेतस. दोन दिन रुसू द्या त्यास्ले."

बसचा हॉर्न वाजला. ती घाईने पाया पडली आणि पळत गेली. बस गेटातून बाहेर पडेपर्यंत नाना खुर्चीवर बसून होते. मैदान रिकामं झालं. अंधार पडायला लागला होता, म्हणून मी खुर्ची आत नेऊ का असं विचारलं.

"थांबा, मॅडम," नाना म्हणाले. "थोडं बसू द्या."