जेवलात का विचारणारी गावं

किस्से जमवायला फार काही करावं लागत नाही. चार सोलापूरकर एका जुन्या जीपमध्ये कोंबायचे आणि जिथं कुणी फिरायला जात नाही तिथं न्यायचे. संध्याकाळपर्यंत एक तरी किस्सा पदरात पडतोच.

आमचं रविवारचं टोळकं शुक्रवार पेठेतलं. मी रिटायर मास्तर, मेहबूबभाई जीपचे मालक, सिद्राम टॉवेलच्या दुकानात कामाला, घरात कानडी बोलणारा, आणि त्याची बायको महादेवी वहिनी. अट एकच: जिथं पार्किंगची पावती फाडतात तिथं उतरायचं नाही. अट माझी आहे. गर्दी बघितली की माझं डोकं उठतं.

*

पहिली ट्रिप वेळापूरची. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या पंढरपुरात वळल्या, आम्ही तसेच पुढं गेलो. जुन्या दगडी देवळाच्या आवारात सावली होती, आणि ती सगळी आमचीच होती. वहिनींच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी दाबून खाल्ली.

हात धुतोय तोवर एक म्हातारबा आले. "जेवण झालं का पाव्हणं?"

मी हो म्हणणार, एवढ्यात सिद्राम मिशी पुसत म्हणाला, "न्हाय की."

झालं. म्हातारबांच्या घरी पुन्हा पंगत. परत येताना मी त्याला झापलं. खोटं कशाला बोलायचं?

"गुर्जी, व्हय म्हणलं की बोलणं संपतं. न्हाय म्हणलं की घरात नेत्यात."

त्याच्या त्या 'न्हाय की'वर आम्ही निम्मा जिल्हा जेवलोय. मी दर वेळी लाजलो आणि दर वेळी जेवलो.

*

नान्नजच्या माळावर माळढोक बघायला गेलो होतो. दुर्बीण माझी, सकाळपासून डोळ्याला लावलेली. पक्षी काही दिसेना. शेवटी एका मेंढपाळाला विचारलं, "माळढोक दिसला का हो?"

"दिसला की. हितंच व्हता. तुमची जीप आली आन् गेला."

मेहबूबभाईंना लागलं. "मेरी गाडी को क्या हुआ?" असं म्हणत त्यांनी स्टार्टर मारला.

मेंढपाळानं कानावर हात ठेवले. "आता कर्नाटकात गेला बगा."

*

एकदा मोबाइलमधल्या बाईच्या भरवशावर निघालो. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, करत तिनं आम्हाला थेट ज्वारीच्या रानात आणलं आणि म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात.

रानाचा मालक कमरेवर हात ठेवून उभा. "ही बाई हाय तरी कोण? सारखी माणसं आणून माज्या ज्वारीत सोडती."

मी माफी मागायला लागलो, तर तो मेहबूबभाईंना म्हणाला, "आलाच हाय तर हुरडा खाऊन जावा. का जेवून आलाय?"

उत्तर कुणी दिलं, सांगायला नको.

*

मग सिद्रामला झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा तेवढी गेली. सगळं कळायचं, जेवायचा पहिल्यासारखा, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईलही, नाहीही येणार. माणसांत ठेवा.

माणसांत ठेवलं तर पेठेत सगळे त्याच्यादेखत वहिनींनाच विचारायचे, "जेवले का ते? झोपले का ते?" मीसुद्धा तेच करायचो. एका रविवारी वहिनी आमच्या दारात आल्या.

"गुरुजी, जीप काढा की. मला कायबी नको, त्यांनी एकदा बोलावं. कायबी बोलावं."

"वहिनी, डॉक्टर माणसांत न्या म्हणतात, आणि आपण जातो तिथं माणूस नसतो."

"हितं लई माणसं हायत," वहिनी म्हणाल्या. "कोण बोलतंय त्यांच्याशी?"

माझ्याकडे चहाला बसलेले मेहबूबभाई चावी घ्यायला गेलेसुद्धा. वहिनींचे आणि मेहबूबभाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

*

अक्कलकोटला दर्शनाची रांग होती, म्हणून बाहेरूनच हात जोडले आणि कर्नाटकाच्या हद्दीकडच्या एका गावात गेलो. बघण्यासारखं म्हणाल तर एक बारव आणि एक चिंच. चिंचेखाली जेवलो. सिद्रामनं सगळ्यांत जास्त भाकऱ्या खाल्ल्या, वर माझ्यातली अर्धी घेतली.

वहिनी भांडी धुवायला बारवेत उतरल्या. समोरच्या घरातून एक आजी काठी टेकत आली. तिला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं मला बघितलं, मेहबूबभाईंना बघितलं, आणि विचारलं नेमकं सिद्रामला, कानडीतून.

"ऊटा आतेनप्पा?" जेवण झालं का रे बाबा?

मी सवयीनं तोंड उघडलं. मेहबूबभाईंनी माझा हात दाबला.

सिद्रामची मान हलली. ओठ हलले. तोंडावरची शेंगाचटणी पुसून तो जाडसर आवाजात म्हणाला, "इल्ल... यव्वा."

नाही, आई.

बारवेत भांडं पडल्याचा आवाज आला. वहिनी ओल्या हातांनी पळत वर आल्या. नवऱ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचेना.

"खोटं बोलत्यात, यव्वा," त्या म्हणाल्या. "वाढा."