ब्रदर येईपर्यंत

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे ‘वहीवाली’ म्हणत. दिवसभर काजांच्या यंत्रावर बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून आवडत्या उपदेशकाचे संदेश वहीत उतरवायची. एकोणीस वह्या भरल्या होत्या. त्या उपदेशकांना ती ‘आमचे ब्रदर’ म्हणे. शेजारच्या यंत्रावरची बाई दुसऱ्याच एका उपदेशकाची चाहती. दोघींचं एकदा असं जुंपलं की आठवडाभर एकमेकींना दोरासुद्धा दिला नाही. प्रभू दोघींचा एकच, पण त्याची बाजू घ्यायला कुणाला सवड होती!

स्वतःच्या चर्चच्या पाळकांना तर ती खिजगणतीत धरत नसे. ते बिचारे अडखळत बोलत, मध्येच चष्मा शोधत. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

त्या सकाळी तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मागच्या सभेत तिनं गर्दीतून ओरडून ब्रदरना सांगितलं होतं आणि गाडीत बसता बसता ते ‘येतो, येतो’ म्हणाले होते. तेवढ्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सात वाजता, दोन बस बदलून, घामाघूम झालेले पाळक वॉर्डाच्या दारात आले. तिनं त्यांना तिथेच अडवलं.

“साहेब, जरा बाहेर बसता का? आमचे ब्रदर येतायत. त्यांच्यासमोर बरं नाही दिसत.”

“बरं, बरं,” म्हणत पाळक बाकावर जाऊन बसले. नवऱ्यानं पलंगावरून सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मग तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. पलंगापासून लिफ्ट, लिफ्टपासून खिडकी. लिफ्टचं दार उघडलं की ती केस सारखे करी, आणि आतून निघे चहाची गाडी. सात वेळा फोन लावला. आठव्यांदा कुणीतरी उचलला.

“ब्रदर दौऱ्यावर आहेत. विनंती मेसेज करून ठेवा, नंबर लागला की प्रार्थना होईल.”

तेवढ्यात नर्स स्ट्रेचर घेऊन आली. ही धावत बाहेर गेली, तर बाक रिकामा. पाळकांना पलीकडच्या वॉर्डातल्या कुणीतरी बोलावून नेलं होतं.

ती परत आली तेव्हा नवरा स्ट्रेचरवर होता. “आता तूच कर प्रार्थना,” तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले. “हे स्वर्गीय पित्या, या विशाल सभेत दूरदूरून जमलेल्या...” आवाजही ब्रदरसारखाच चढला. ती चपापून थांबली. स्वतःचा एक शब्द सापडेना. एवढी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. तिला रडू फुटलं.

नवऱ्यानं सुई टोचलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. “प्रभू, ही फार घाबरलीय. हिला सांभाळ. माझं काय ते तू बघशीलच. आमेन.”

“आमेन,” नर्स म्हणाली आणि तिनं स्ट्रेचर ढकलत ऑपरेशन थिएटरच्या दाराआड नेलं.

घरी रोजची प्रार्थना ब्रदरच करत, मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमधून. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची प्रार्थना तिनं आज पहिल्यांदा ऐकली होती, आणि तो त्या दारातून परत येईल की नाही, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.